कापड, कात्री आणि कॅल्क्युलस

‘फॅशन इंडस्ट्री’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? रॅम्पवरून चालणाऱ्या उंच मॉडेल्स, फ्लॅशचा लखलखाट आणि शेवटी हात जोडत बाहेर येणारा डिझायनर. ‘फिल्म इंडस्ट्री’ म्हटलं की हिरो, हिरॉइन आणि फार तर डायरेक्टर. आणि ‘इंजिनीअर’ म्हटलं की? जाऊ दे, सबमिशनच्या आठवड्यात आपापला चेहरा आरशात बघा, म्हणजे कळेल!

मित्रमैत्रिणींनो, या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं आपल्याला वाटतच नाही. कॅम्पसला कंपन्या येतात त्या सॉफ्टवेअरच्या, ऑटोमोबाईलच्या, फार तर एखादी बँक. कपड्यांची किंवा सिनेमाची कंपनी कॅम्पसला आलेली मी तरी पाहिली नाही. पण गेले सहा-सात महिने मी या विषयाच्या मागे लागले आहे (का, ते पुढे सांगते), आणि माझं मत असं झालंय की या दोन्ही धंद्यांत आज सगळ्यात जास्त चणचण आहे ती मधल्या माणसांची. म्हणजे कापड कसं पडतं, कसं ताणलं जातं, कुठे चुण्या घेतं हे ज्याच्या हाताला माहीत आहे, आणि तेच ज्याला गणितात नि कॉम्प्युटरवर मांडता येतं, असा माणूस. नुसता कलाकार भरपूर मिळतो. नुसता प्रोग्रॅमरही भरपूर मिळतो. दोन्ही येणारा शोधून सापडत नाही.

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे जिथे मराठी शब्द अडेल तिथे सरळ इंग्रजी शब्द टाकणार आहे, संपादक मंडळाने गोड मानून घ्यावं. शिवणकामाचे मराठी शब्द मात्र मुद्दाम विचारून घेतले आहेत, कारण ते इंग्रजीपेक्षा छान आहेत.

आधी थोडं लंडनला जाऊन येऊ. ब्रिटनमध्ये कुठल्या उद्योगाला कुठली कौशल्यं कमी पडतात याचा हिशेब ठेवण्यासाठी ‘सेक्टर स्किल्स कौन्सिल’ नावाच्या संस्था काढल्या होत्या. टीव्ही, सिनेमा, अ‍ॅनिमेशन, गेम्स यांचं खातं ‘स्किलसेट’ या संस्थेकडे होतं. २०१० मध्ये फॅशन आणि टेक्स्टाइलचं खातंही तिलाच जोडलं गेलं. (२०१८ पासून तिचं नाव ‘स्क्रीनस्किल्स’ आहे आणि ती आता पडद्यापुरतंच बघते.) पिक्चर आणि पँट एकाच टेबलावर! वाचल्यावर मला हसूच आलं. पण विचार केला तर त्यात तथ्य आहे.

दोन्हीकडे मूठभर मोठी नावं आणि त्यांच्याखाली ढिगाने छोट्या कंपन्या. दोन्हीकडे काम तुकड्यातुकड्यांनी येतं. सिनेमा संपला की टीम मोडली, सीझन संपला की ऑर्डर संपली. अशा ठिकाणी नव्या माणसाला शिकवायचं कोणी? समजा दहा माणसांच्या युनिटने एखाद्या पोराला सहा महिने पगार देऊन शिकवलं, आणि तयार झाल्यावर तो दोन हजार जास्त मिळतात म्हणून शेजारच्या युनिटमध्ये गेला. नुकसान शिकवणाऱ्याचं, फायदा शेजाऱ्याचा. मग प्रत्येकजण ठरवतो की आपण शेजारीच व्हायचं! तयार माणूस सगळ्यांना हवा, पण तयार करायला कोणी तयार नाही. गारमेंट युनिटच्या बाहेर ‘अनुभवी कारागीर पाहिजेत’ असा बोर्ड बारा महिने लटकत असतो त्यामागे हेच कारण आहे. म्हणून मग कौन्सिल, सरकारी योजना, उमेदवारी वगैरे भानगडी लागतात.

ब्रिटनमध्येच २०११ साली ‘नेक्स्ट जेन’ नावाचा एक अहवाल आला. लिहिणारे दोघे होते. एक गेम्सच्या धंद्यातले इयान लिव्हिंगस्टोन आणि दुसरे डबल निगेटिव्ह या व्हीएफएक्स स्टुडिओचे अ‍ॅलेक्स होप. त्यांची तक्रार वाचताना आपल्याच कॉलेजबद्दल वाचतोय की काय असं वाटतं. नावात ‘गेम्स’ आणि ‘व्हीएफएक्स’ असलेले कोर्सेस खंडीभर, पण त्यातून बाहेर पडलेली मुलं स्टुडिओच्या कामाला येत नाहीत आणि माणसं परदेशातून आणावी लागतात. कारण शाळेतच फाटे फुटतात. एका फाट्यावर चित्रकला, दुसऱ्यावर गणित आणि फिजिक्स. आणि कॉम्प्युटरच्या नावाखाली शिकवतात काय, तर वर्ड आणि एक्सेल! या अहवालाने आणि त्यानंतर उठलेल्या ओरड्याने इतकं झालं की सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या शाळांमध्ये आयसीटी हा विषय जाऊन ‘कॉम्प्युटिंग’ आला, म्हणजे लहान मुलांना प्रोग्रॅमिंग. एका करमणुकीच्या धंद्याला माणसं मिळेनात म्हणून सगळ्या देशाचा सिलॅबस हलला!

हे लंडनपुरतंच आहे असं समजू नका. त्याच डबल निगेटिव्हचं २०१४ मध्ये मुंबईच्या प्राइम फोकस ग्रुपच्या कंपनीबरोबर विलीनीकरण झालं. आज ती डीएनईजी म्हणून ओळखली जाते. २०२२ मध्ये ‘ड्यून’ला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं ते हिच्याच कामाबद्दल, आणि हिची बरीच माणसं भारतात बसतात. तेव्हा लंडनला जी माणसं कमी पडतात ती मुंबईलाही कमी पडतात.

आता कापडाकडे येते, कारण खरी मजा तिथे आहे.

फर्स्ट इयरला ड्रॉइंगमध्ये ‘डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस’ होतं, आठवतंय? सिलिंडर, कोन, प्रिझम उलगडून सपाट पत्र्यावर काढायचे. ते आपण केलं, सर्वांनी शिव्या देत केलं, आणि विसरलो. कपड्याचं पॅटर्न म्हणजे तंतोतंत तेच. पत्र्याच्या ऐवजी कापड आणि डक्टच्या ऐवजी माणूस. फरक एवढाच की माणूस हा कोनही नाही आणि सिलिंडरही नाही. खांदा, छाती, नितंब हे सगळे दोन्ही दिशांनी वळलेले पृष्ठभाग, आणि असा पृष्ठभाग न फाडता, न ताणता सपाट होत नाही हे गाऊसने १८२७ मध्येच सिद्ध करून ठेवलंय. संत्र्याची साल टेबलावर दाबून बघा, कडा फाटतात.

मग शिंपी काय करतो? तो कापडाला टक्स घालतो. टक्स म्हणजे काय, तर गोल कागदातून एक सेक्टर चिमटून काढला की त्याचा कोन होतो, ते. चार टक्सचा ब्लाऊज म्हणजे चार ठिकाणी सेक्टर काढून सपाट कापडाला आणलेली गोलाई. कटोरी ब्लाऊज त्याच्याही पुढे जातो, तिथे गोलाईचे तुकडेच वेगळे कापून जोडतात, फुटबॉलच्या पाकळ्यांसारखे. बायका ‘मला कटोरीच बरा बसतो’ म्हणतात तेव्हा त्या डिफरन्शियल जॉमेट्रीबद्दलच मत देत असतात, फक्त त्याला तसं कोणी म्हणत नाही.

आमच्या गल्लीत एक काकू ब्लाऊज शिवतात. मी त्यांच्याकडे चार-पाच शनिवार नुसती बसायला गेले. एकदा गळ्याची पट्टी त्या कापडावर तिरकी आखत होत्या, तेव्हा विचारलं, “काकू, सरळ कापलं तर कापड कमी वाया जाईल ना?” त्या म्हणाल्या, “अगं, पट्टी उरेबच लागते. सरळ कापलीस तर गळ्याला वळायचीच नाही, उभी राहील. उरेब कापड ऐकतं.”

उरेब कापड ऐकतं! मी घरी येऊन हे ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’च्या भाषेत मांडून बघितलं. विणलेल्या कापडात उभे आणि आडवे असे दोन धागे. धाग्याच्या दिशेने ओढलं तर धागाच ताणावा लागतो, तो सहज ताणला जात नाही. पण पंचेचाळीस अंशात ओढलं तर धागे ताणले जात नाहीत, ते एकमेकांवर फिरतात, चौकोनाचा पतंग होतो. म्हणजे शिअर. आणि कापडाचा शिअर स्टिफनेस फारच कमी असतो. म्हणून उरेब कापड ताणलं जातं, वळतं, अंगावर ओघळतं. पॅरिसच्या मादलेन व्हियोने या बाईने १९२० च्या दशकात अख्खे ड्रेसच उरेब कापून फॅशनच्या इतिहासात नाव केलं. आमच्या काकू त्याच गुणधर्मावर गळपट्टी करतात. दोघींनाही ‘शिअर मॉड्युलस’ हा शब्द लागला नाही. आपल्याला तो शब्द येतो, पण कापड हातात दिलं तर उभा धागा कुठला हे सांगता येत नाही. (आमच्या वर्गात मी विचारून बघितलं. साठ जणांत चौघांना आलं, त्यातल्या दोघांच्या आया शिवतात.)

एका गिऱ्हाइकाचा ब्लाऊज ठीक आहे. पण फॅक्टरीत तोच शर्ट सहा साइझमध्ये हजारोंनी निघतो, तेव्हा तिथे मधला माणूस कुठे लागतो ते बघा. पहिली गोष्ट ग्रेडिंग, म्हणजे एका मापाच्या पॅटर्नवरून बाकीची मापं काढणं. सगळं एकाच प्रमाणात वाढवून चालत नाही. माणूस जाड झाला म्हणून त्याचा हात त्याच प्रमाणात लांब होत नाही! कुठला बिंदू किती सरकवायचा याचे नियम लागतात, आणि ते नियम ज्या देशाच्या माणसांवरून केले त्यांनाच बसतात. भारतात इतकी वर्षं परदेशी साइझ चार्टवरच काम भागवलं. म्हणून तर दुकानातला ‘एम’ एका ब्रँडचा बसतो आणि दुसऱ्याचा खांद्यावरून घसरतो. निफ्टने ‘इंडियासाइझ’ नावाचा प्रकल्प हाती घेतला, त्यात मुंबईसह सहा शहरांत थ्रीडी बॉडी स्कॅनरने पंचवीस हजारांवर माणसं मोजायची असं ठरलं. त्या डेटाचं पुढे काय करायचं हे सांगायला स्टॅटिस्टिक्स येणारा लागतो, आणि तो आकडा मुंढ्याच्या वळणात कसा उतरवायचा हे सांगायला मास्टर लागतो.

दुसरी गोष्ट मार्कर. कापडाच्या लांबीवर पॅटर्नचे सगळे तुकडे असे रचायचे की चिंध्या कमीत कमी पडतील. आपल्या कॉम्प्युटरवाल्या दोस्तांना हा ‘नेस्टिंग प्रॉब्लेम’ लगेच ओळखू येईल. तुकडे वाढले की अचूक उत्तर काढणं कॉम्प्युटरलाही झेपत नाही. त्यातून तुकडे हवे तसे फिरवताही येत नाहीत, उभा धागा उभाच राहायला हवा. चौकडीचं कापड असेल तर बाजूच्या शिवणीवर चौकडी जुळायला हवी, मखमल असेल तर लव एकाच दिशेला. साध्या शर्टाच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा बहुधा कापडाचाच असतो. समजा एका फॅक्टरीत महिन्याला एक लाख मीटर कापड लागतं आणि त्यातलं ८२ टक्के उपयोगात येतं. ते ८३ टक्के झालं, तर तेवढ्याच शर्टांना सुमारे बाराशे मीटर कापड कमी पुरतं. एका टक्क्यात एका माणसाचा पगार निघून वर पैसे उरतात! तरी ‘क्रिएटिव्ह इंडस्ट्री’च्या करिअर मेळाव्यात मार्कर या शब्दाचा उच्चार मी ऐकलेला नाही.

गर्बर, लेक्ट्रा ही या कामाची जुनी सॉफ्टवेअर्स. (२०२१ मध्ये लेक्ट्राने गर्बरला विकतच घेतलं.) त्यानंतर क्लो, ब्राउझवेअर अशी थ्रीडी सॉफ्टवेअर्स आली. त्यात पॅटर्न कॉम्प्युटरवरच शिवून आभासी माणसाला घालून बघता येतं. पूर्वी युरोपातल्या ब्रँडला सँपल शिवून कुरिअर करा, त्यांनी ‘बाही अर्धा इंच कमी’ म्हणायचं, परत शिवा, परत कुरिअर. त्यातल्या बऱ्याच फेऱ्या आता वाचतात. पण अट अशी की कापडाचे आकडे खरे हवेत: वजन किती, किती ताणलं जातं, किती वाकतं. जपानमध्ये कावाबाता नावाच्या प्राध्यापकांनी हे मोजण्याची यंत्रंच बनवली, कापड हातात घेतल्यावर जे ‘जाणवतं’ ते आकड्यात आणण्यासाठी. आकडे चुकीचे घातले तर पडद्यावरचा ड्रेस सुंदर पडतो आणि प्रत्यक्षातला पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. सॉफ्टवेअर चालवणारा मुलगा तीन महिन्यांत तयार होतो. ‘हे शिफॉन असं पडणार नाही, आकडा तपासा’ असं स्क्रीनकडे बघून सांगणारा तीन महिन्यांत तयार होत नाही.

आणि इथेच सिनेमा आणि शिंपी एकमेकांना भेटतात. क्लो बनवणाऱ्या कोरियन कंपनीचंच ‘मार्व्हलस डिझायनर’ नावाचं दुसरं सॉफ्टवेअर आहे, ते अ‍ॅनिमेशन आणि गेम्सवाले वापरतात. दोन्हीत पॅटर्न कापा, शिवणी जोडा, अंगावर सोडा. एकातून ड्रेस फॅक्टरीत जातो, दुसऱ्यातून पडद्यावर. म्हणजे अ‍ॅनिमेशनमधल्या राजकन्येचा झगा शिवायलाही पॅटर्न यावंच लागतं.

पण कॉम्प्युटरवर कापड हलवणं सुरुवातीला फार अवघड गेलं, आणि त्याचं कारण आपल्या एम-थ्रीमध्ये आहे. कापड म्हणजे छोट्या वजनांची जाळी आणि त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा असं समजा. धाग्याच्या दिशेने स्प्रिंग अतिशय कडक, वाकण्याच्या दिशेने अगदी मऊ, आणि वजन नगण्य. वजन कमी आणि स्प्रिंग कडक म्हणजे फ्रीक्वेन्सी प्रचंड. आता ‘आत्ताच्या क्षणी बल किती, त्यावरून पुढच्या क्षणी जागा कुठे’ या साध्या ऑयलर पद्धतीने गेलात, तर वेळेचा टप्पा इतका बारीक घ्यावा लागतो की सिनेमाच्या एका फ्रेमसाठी, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागासाठी, असंख्य पायऱ्या होतात. टप्पा मोठा घेतलात तर बिंदू उडी मारून पलीकडे जातो, स्प्रिंग त्याला जास्तच जोरात मागे खेचते, आणि दोन-चार पायऱ्यांत शर्ट स्क्रीनभर स्फोट होऊन उडतो. (मी हे माझ्या लॅपटॉपवर केलंय. फार प्रेक्षणीय असतं!)

१९९८ मध्ये डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी एक पेपर लिहिला. त्यात त्यांनी इम्प्लिसिट पद्धत वापरली: टप्प्याच्या शेवटी जे बल असेल ते धरून समीकरण मांडायचं. मग दर टप्प्याला हजारो अज्ञातांची समीकरणं एकदम सोडवावी लागतात, पण मॅट्रिक्स बहुतेक शून्यांनी भरलेली असल्यामुळे ती पटकन सुटतात, आणि मोठे टप्पे घेतले तरी शर्ट शाबूत राहतो. २००१ च्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधल्या बू या चिमुरडीचा ढगळ टी-शर्ट अशाच गणितावर हलतो. या दोघांना आणि त्यांच्याबरोबर मायकेल कॅसला २००६ मध्ये अ‍ॅकॅडमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. म्हणजे टी-शर्टच्या चुण्यांसाठी, न्यूमेरिकल मेथड्ससाठी ऑस्करवाल्यांचं बक्षीस! आपल्याकडे याच विषयात लोकांना केटी लागते.

आता मी यात का पडले ते सांगते. बीईच्या प्रोजेक्टसाठी मी विषय दिलाय: नऊवारीचं सिम्युलेशन. मार्व्हलस डिझायनरसारखी सॉफ्टवेअर्स शिवलेल्या कपड्याच्या कल्पनेवर उभी आहेत, तुकडे आणि शिवणी. नऊवारीला शिवणच नाही. आठ मीटरच्या आसपास लांबीचा एक सरळ आयत, तो गाठ, निऱ्या, कासोटा आणि घर्षण एवढ्यावरच अंगावर राहतो. कापडाचे कितीतरी थर एकमेकांवर घासतात, प्रत्येक थराने दुसऱ्यातून आरपार जायचं नाही, आणि घर्षण जरा कमी धरलं की अख्खी साडी सुटून खाली! शिवाय ती नेसवायची कशी? नेसण्याच्या कृतीचंच सिम्युलेशन करावं लागतं. माझ्या मते हा पहिल्या दर्जाचा मेकॅनिक्सचा प्रश्न आहे. विषय बघून मला विचारलं गेलं, “यात मेकॅनिकल कुठे आहे? आणि साडीचं प्रोजेक्ट घेऊन प्लेसमेंटला काय सांगणार?” पहिल्या प्रश्नाचं उत्तर वर दिलं आहे. दुसरा प्रश्न मात्र प्रामाणिक आहे, आणि त्याला गुळगुळीत उत्तर देऊन चालणार नाही.

कारण या धंद्यात नोकरीची शाश्वती नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत ‘लाइफ ऑफ पाय’ला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं, तेव्हा तो वाघ बनवणारी रिदम अँड ह्यूज ही कंपनी दोनच आठवड्यांपूर्वी दिवाळखोरीत गेली होती. स्टेजवर विजेता त्याबद्दल बोलायला लागला, तर ‘जॉज’चं संगीत वाजवून त्याचा माइक बंद केला. या कंपनीचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादलाही होते. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट संपावर गेले आणि पुढचं काम आटलं. २०२५ च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ग्रुप कोसळला, ‘द जंगल बुक’ करणारी एमपीसी त्यातलीच, आणि बंगळुरू-मुंबईतल्या हजारो लोकांचं काम काही दिवसांत गेलं. कामाच्या दर्जाला कोणी नावं ठेवली नव्हती. व्हीएफएक्सची बोली बऱ्याचदा ठरावीक रकमेची असते. डायरेक्टरने दहा वेळा बदल सांगितले तरी रक्कम तीच, आणि दुसऱ्या देशाने जास्त सबसिडी दिली की काम तिकडे.

दुसरा धोका आतला आहे. भारतात हॉलिवूडचं जे काम वर्षानुवर्षं आलं त्यात ‘रोटो’चा मोठा वाटा. रोटो म्हणजे नटाच्या कडेने फ्रेम-दर-फ्रेम रेघ काढून त्याला पार्श्वभूमीपासून सुटा करणं. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० फ्रेम्स, आणि हिरॉइनचे केस मोकळे असतील तर देव आठवतो. चिकाटीचं काम आहे, नवखी मुलं त्यातूनच आत शिरतात. माझा एक मावसभाऊ तसाच शिरला. पण कडा ओळखायचं काम एआय आता झपाट्याने शिकतंय. म्हणजे ज्या पायरीवरून चढायचं तीच पायरी झिजतेय. दादा मला म्हणाला, “रोटो मरेल न मरेल, मला माहीत नाही. पण मशीनने काढलेली कड कुठे चुकली हे ज्याला एका नजरेत दिसतं त्याला हाकलत नाहीत. आणि ती नजर मला रोटो करूनच आली.” मग पुढच्या पोरांना ती नजर कुठून येणार, याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

स्टुडिओत टिकणारी आणखी एक जमात म्हणजे पाइपलाइनवाले. एका सिनेमात हजारभर शॉट्स, प्रत्येकाच्या वीस-वीस आवृत्त्या, चार शहरांत बसलेली माणसं. झग्याचं पॅटर्न बदललं तर तो बदल प्रत्येक शॉटमध्ये बरोबर पोचला पाहिजे. हे सगळं पायथनमध्ये बांधणारा माणूस लागतो. पिक्सारने २०१६ मध्ये ‘यूएसडी’ नावाची आपली फाइल पद्धत सगळ्यांना खुली केली, ती या कामात आता खूप वापरली जाते. आपल्या कॉम्प्युटर ब्रँचला हे काम जमण्यासारखं आहे, फक्त कलाकाराशी त्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे.

आपल्याकडे हा कलेचा आणि यंत्राचा काडीमोड पूर्वी नव्हता. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर नावाप्रमाणे चित्रकार, शिवाय शिल्पकार, आणि त्यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले पुढे ‘प्रभात’मध्ये ध्वनीचं तंत्र सांभाळत आणि दिग्दर्शनही करत. कोल्हापूरच्याच भानू अथय्यांना १९८३ मध्ये ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी जॉन मोलोंबरोबर ऑस्कर मिळालं, भारतीयाला मिळालेलं ते पहिलं. जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेल्या या बाईंचं कामही शेवटी कापडाच्या जाणिवेचंच होतं. पडद्यावर खादी खादीसारखी पडली पाहिजे, नवं कापड धुऊन-घासून वर्षानुवर्षं वापरलेलं दिसलं पाहिजे.

आज संस्था आहेत, नाही असं नाही. इचलकरंजीला डीकेटीई, मुंबईत व्हीजेटीआयचा टेक्स्टाइल विभाग, निफ्ट, आयआयटीतलं आयडीसी. २०२५ मध्ये मुंबईत व्हीएफएक्स, गेमिंग वगैरेंसाठी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली. कौशल्याच्या कौन्सिल आपल्याकडेही आहेत, पण मीडियाची वेगळी आणि कपड्यांची वेगळी. आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. माझी तक्रार एवढीच की या सगळ्या खोल्यांना मधली दारं नाहीत. आयटीआयच्या मुलीला कॅड मिळत नाही, आपल्याला कापड मिळत नाही. आणि फॅक्टरीतला मास्टर, ज्याच्या डोक्यात तीस वर्षांची पॅटर्न्स आहेत, त्याचं ज्ञान लिहून घ्यायला कोणी जात नाही, कारण त्याच्याकडे डिग्री नाही. तो रिटायर झाला की ते ज्ञानही घरी जातं. प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर हा फुकट घ्या.

कोणाला सुरुवात करायची असेल तर पैसे लागत नाहीत. ब्लेंडर फुकट आहे आणि त्यात कापडाचं सिम्युलेशन आहे. हुडिनीचीही शिकण्यापुरती मोफत आवृत्ती मिळते. पण कॉम्प्युटर उघडण्याआधी आईची किंवा शेजारच्या काकूंची मशीन अर्धा तास मागून घ्या आणि उशीचा एक अभ्रा शिवा. शिवणीसाठी कडेने अर्धा इंच कापड जास्त सोडायचं, त्याला ‘माया’ म्हणतात (हा शब्द ऐकल्यावर मी दोन मिनिटं गप्प बसले होते). मग तोच अभ्रा ब्लेंडरमध्ये दोन चौकोन जोडून करा आणि आत हवा भरा. दोन्ही शेजारी ठेवून कडांच्या चुण्या मोजा. ब्लेंडरमधल्या चुण्या बहुधा खऱ्या अभ्र्याशी जुळणार नाहीत. आकडे बदलत बदलत त्या जुळवायचा प्रयत्न करा. माझं आत्ता तेच चाललंय, आणि सुती कापडाचं थोडंफार जुळलंय. रेशमाचं अजून नाही.